मुद्दाम उलटवलेली होडी

होडी घेऊन डोंगरात निघालो तेव्हा आमच्या सोसायटीच्या वॉचमनने गाडीमागचा ट्रेलर पाहून विचारलं, "मॅडम, समुद्र त्या बाजूला आहे ना?" प्रश्न रास्त होता. ठाण्याहून समुद्राकडे पाठ करून, चौदा फुटी शिडाची होडी ओढत मोखाड्याच्या डोंगराकडे जाणाऱ्या साठीच्या दोन बायका त्याने याआधी पाहिल्या नसणार. मी त्याला म्हटलं, समुद्राचं आणि आमचं सध्या जरा बिनसलंय. तो हसला. ते मात्र खरंच होतं.

बिनसलं होतं ते विद्याचं. विद्या माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. ती शाळेत गणित शिकवायची, मी दातांची डॉक्टर. पन्नाशीत आम्ही दोघी शिडाची होडी चालवायला शिकलो, दोघींत मिळून एक जुनी होडी घेतली आणि दहा वर्षं समुद्रावर मजेत भांडलो. गेल्या थंडीत एका वावटळीने आमची होडी आडवी केली आणि विद्या नेमकी पाण्यावर पसरलेल्या शिडाखाली अडकली. वर यायला गेली की डोक्याला ओलं कापड लागे आणि श्वास मिळेना. थोड्या वेळात ती आपली आपणच बाहेर आली, काही लागलंही नव्हतं. पण त्यानंतर तिने होडीत पाय ठेवला नाही. डोक्यातून घालायचे स्वेटर तिने वाटून टाकले, रात्री चादर गळ्याच्या वर घेईना. "काळोख होता गं, नुसता काळोख," एवढंच म्हणायची.

मी जन्मभर लोकांना "घाबरू नका, तोंड उघडा" सांगत आले, त्यामुळे मला वाटायचं की दरडावून सांगितलं की भीती जाते. विद्यावर ते चाललं नाही. शेवटी तीच म्हणाली, "एकदा गोड्या पाण्यात बघू. लाटा नकोत, खारं पाणी नको. तिथेही नाही जमलं तर होडी विकायची आणि तू माझ्याशी वाद घालायचा नाहीस." मी कबूल केलं. मनात म्हटलं, होडी गेली तर आमच्या रविवारांचं काय राहणार? चहा आणि गुडघेदुखी. मला होडीपेक्षा विद्या हातची जाईल याची जास्त धास्ती होती.

जव्हार

जव्हारला पोचेपर्यंत काहीही बिघडलं नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण घाटात होडी ओढणं हे समुद्रात होडी हाकण्यापेक्षा अवघड आहे. डोलकाठी उतरवून होडीवर आडवी बांधली होती. ती मागे बरीच बाहेर येते, म्हणून तिच्या टोकाला लाल ओढणी. ओढणी विद्याची, तक्रारही तिचीच. कुणी होडी अशी नेणार असेल तर एक ऐका: पहिल्या चार वळणांनंतर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळा. घरून कितीही घट्ट बांधलं तरी पहिल्या घाटात ते ढिले पडतातच.

बाजाराच्या जरा अलीकडे चहाला थांबलो तर ट्रेलरभोवती ही गर्दी. टोपल्यांत करवंदं आणि काजूची बोंडं घेऊन बसलेल्या बायका, एक पोलीस, दोन कॉलेजची पोरं. "इसको चलाता कौन है?" एकाने हिंदीत विचारलं. वसईला कामाला असतो म्हणाला. मी मराठीत सांगितलं, आम्हीच. त्याने आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि शेजाऱ्याला काहीतरी सांगितलं. ते मला कळलं नाही, पण हसले दोघेही. एका बाईने विद्याला बोंडं चाखायला दिली. घसा धरला, पण ती खातच राहिली. गाडीत बसल्यापासून ती फारसं बोलली नव्हती. काजूच्या बोंडावर मात्र पाच मिनिटं बोलली, आणि मला जरा बरं वाटलं.

सूर्यमाळच्या खाली

आमचा मुक्काम सुमनबाईंकडे होता. विद्याची आणि त्यांची ओळख एका प्रशिक्षण शिबिरातली. सुमनबाई मूळच्या साखरशेतच्या. आधी जामसरला शाळेवर होत्या, आता इकडे मोखाड्यात. त्यांचे यजमान लक्ष्मण तहसील कचेरीत कारकून आहेत. घरी सासूबाई आहेत, त्यांना सगळा पाडा आया म्हणतो. सूर्यमाळच्या उतारावर सात-आठ घरं, भोवती राब भाजलेली, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळलेली काळी खाचरं, अंगणात वाळत घातलेली मोहाची फुलं, आणि खाली दरीत धरणाचं पसरलेलं पाणी. होडी घालायची परवानगी लक्ष्मणभाऊंनी आधीच काढून ठेवली होती.

सुमनबाईंनी दारातच पाण्याचा तांब्या दिला. मी सवयीने अर्धा प्याले आणि उरलेलं अंगणात ओतायला निघाले. विद्याने माझा हात धरला. ओट्यावर झाकून ठेवलेली पिंपं मी तेव्हा पाहिली. टँकर एक दिवसाआड येतो. एवढं पाणी खाली दिसतंय आणि इथे टँकर, असं माझ्या तोंडून निघून गेलं. आया शांतपणे म्हणाल्या, "तां पानी आमचा नाय, बाय. तां तुमच्याकडं जातां." मी तांब्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

दुपारी होडी पाण्यात उतरवली. विद्या काठावर एका दगडावर बसली आणि मी एकटीच थोडं शीड उघडून काठाकाठाने फिरले. डोंगरातला वारा समुद्रातल्या वाऱ्यासारखा सरळमार्गी नसतो. तो खिंडीतून येतो, थांबतो, आणि मग भलत्याच बाजूने पाठीत धपाटा घालतो. म्हणून दोन गोष्टी. शिडाची दोरी कधीही बांधून ठेवायची नाही, हातात धरायची. होडी कलली की दोरी सोडायची, ती आपोआप सरळ होते. दुसरी, पाण्याकडे बघत राहायचं. वाऱ्याचा झोत यायच्या आधी पाणी तेवढ्या पट्ट्यात काळपट होतं. तो पट्टा दिसला की अंग बाहेरच्या बाजूला टाकायला वेळ मिळतो. मी दोनदा छान सावरलं आणि एकदा नाही. पायाशी पाणी भरलं, ते डब्याने उपसत बसले. काठावरून विद्या ओरडून सूचना देत होती. सगळ्या बरोबर होत्या, याचाच राग येत होता.

संध्याकाळी होडी बांधायची वेळ आली. समुद्रात आम्ही रात्री दोरी लांब सोडतो, भरती-ओहोटीला जागा ठेवावी लागते. इथे मी थाटात म्हणाले, "इथे कसली ओहोटी? तळं आहे हे, होडी जवळच बांधू." काठालगत पाण्यात एक जुनं सुकलेलं खोड उभं होतं. त्याला आखूड दोरीने होडी आवळून टाकली. लक्ष्मणभाऊ बाजूला उभे होते. काहीतरी बोलायला गेले आणि गप्प राहिले.

जेवायला नागलीची भाकर, धरणातल्या माशांचं कालवण आणि खुरासणीची चटणी होती. आमच्याकडे नारळाशिवाय माशाचं पान हलत नाही. इथे नारळ नाही, चिंचही जेमतेम. लसूण, मिरची आणि मासा, एवढ्यावर चव उभी असते. मी तीन भाकरी खाल्ल्या. आयांनी चौथी वाढताना विद्याकडे बघून विचारलं, "ही का नाय खात?" विद्या म्हणाली, भूक नाही. उद्या ती पाण्यात उतरणार असं ठरलं होतं.

ओहोटी

सकाळी काठावर गेलो तर होडी पाण्यात नव्हती. ती खोडाला नाक लावून, एका कुशीवर, दोन दगडांच्या मध्ये पडली होती. पाणी सहा-सात पावलं मागे गेलं होतं आणि मधे चिकट चिखल. धरणाची दारं रात्री उघडतात, पाणी शहराकडे सोडतात, हे माझ्यासारख्या शहाणीला सुचायला हवं होतं. मी रोज सकाळी नळ उघडते तो याच पाण्याचा.

"आमी कालच सांगनार होतो," लक्ष्मणभाऊ संकोचून म्हणाले. "पन तुमी बोटवाल्या. वाटलां, तुमाला ठावं असंल."

तेव्हा शिडाची होडी चालवणाऱ्या सगळ्या मंडळींना माझं हात जोडून सांगणं आहे: भरती नसली म्हणजे पाणी जागेवर राहतं असं नाही. कुठल्याही परक्या पाण्यावर होडी बांधण्याआधी तिथल्या माणसाला एकच विचारा, सकाळी हे पाणी कुठे असतं? आणि विचारल्यावर उत्तर संपेपर्यंत तोंड बंद ठेवा. मी दातांची डॉक्टर असून मला हे जमत नाही.

होडी काढायला पाड्यावरची माणसं आली. बांबूचे चार तुकडे खाली सारले, दोन माणसं मागे, चार बाजूंना, आणि लग्नाची पालखी न्यावी तशी तिला चिखलावरून पाण्यात नेली. मी तळ हाताने चाचपून पाहिला. रंग खरवडला होता, तडा कुठेच नव्हता. मला इतकं हायसं वाटलं की ढकलणाऱ्या प्रत्येकाला मी दोन-दोनदा नमस्कार केला. विद्या चिखलात गुडघाभर उभी राहून हसत होती. तिला मनापासून हसताना मी बऱ्याच महिन्यांनी पाहत होते.

पण होडी पाण्यात तरंगू लागली आणि तिचं हसू गेलं. "आत्ता नको," ती म्हणाली. "दुपारी." मला तिचं 'दुपारी' माहीत होतं. मी काही बोलणार होते, पण सुमनबाई म्हणाल्या, "चला मॅडम, आधी चहा घ्या." आम्ही परत वर आलो.

सोंग

घराच्या आतल्या भिंतीला एक मोठा मुखवटा टांगलेला होता. लाल तोंड, बाहेर आलेली जीभ, भोवती सिंहाची आयाळ. गावचा बोहाडा नुकताच झाला होता. बोहाड्यात देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं संबळाच्या तालावर नाचतात. या घराकडे नरसिंहाचं सोंग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, आणि लक्ष्मणभाऊ ते घेतात. कचेरीत अर्जांवर शिक्के मारणारा हा हळू आवाजाचा माणूस खांब फोडून बाहेर येतो, हे डोळ्यांपुढे आणायला मला जरा वेळ लागला.

विद्या मुखवट्यापुढे उभी राहिली. भिंत आणि मुखवटा यांच्यामधल्या फटीतून तिने त्याची आतली बाजू पाहिली. आतून तो नुसती खोल, बंद वाटी होता. "यात दिसतं कसं? श्वास कसा घेता?" तिने विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

लक्ष्मणभाऊंनी तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही. "पहिल्या साली मी अर्ध्या वाटंतच सोंग उपटून काढाय लागलो होतो," ते म्हणाले. "जीव गेला असां वाटलां. बापानं हात धरला. बोलला, काढू नको. आधी हात लाव, काठ कठं हाय तां बघ. मंग हलके चाल. सोंगाला काठ हाय, बाय. काठ गावला का जीव खाली येतो. आनि मान वर करायची नाय, वर कोंडतां. हवा खालनं येते."

मी उडालेच. शिडाखाली सापडलेल्याने काय करायचं हे आम्हाला शिकवतात ते जवळजवळ असंच. धडपडून वर उसळी मारायची नाही. एक हात वर करून कापड उचलून धरायचं, हाताखाली हवेची पोकळी होते, तिच्यात श्वास घ्यायचा. मग शिडाची एखादी शिवण बोटाला लावायची आणि ती न सोडता एकाच दिशेने सरकायचं. प्रत्येक शिवण कुठल्या ना कुठल्या काठाला जातेच. हे विद्याला मी शंभरदा पाठ म्हणून दाखवलं असेल. तिला ते माझ्याकडून कधी पटलं नव्हतं.

"मी एकदा हे घालून बघू?" विद्याने विचारलं.

"नाय," लक्ष्मणभाऊ म्हणाले. चिडून नाही, पण तिथे बोलणं संपलं. सोंग त्याच्या दिवशी, त्याच्या माणसाने घ्यायचं. विद्या ओशाळली. मीही दुसरीकडे बघू लागले.

तेव्हा आया उठल्या. अंगणात जाऊन त्यांनी कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं उचललं. आतली कोंबडी पंख झाडत पळाली. डालगं दोनदा जमिनीवर आपटून त्यांनी झटकलं आणि विद्याला म्हणाल्या, "बस अठं."

तुम्ही कल्पना करा. पस्तीस वर्षं पोरांना प्रमेयं शिकवलेली बाई अंगणात मांडी घालून बसली आहे आणि तिच्यावर कोंबड्यांचं डालगं. पहिल्या खेपेला तिने ते लगेच फेकून दिलं. दुसऱ्या खेपेला जरा थांबली. "वास येतोय," आतून आवाज आला. आया म्हणाल्या, "कोंबडी बी तुझां असांच म्हनत असंल." सुमनबाई तोंडाला पदर लावून भिंतीला टेकल्या. मग आयांनी घरातून गोधडी आणली आणि काही न बोलता डालग्यावर टाकली.

मी गोधडी ओढायला पुढे झाले. आयांनी मला नुसत्या नजरेने बसवलं. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मग डालग्याच्या कडेवरून बोटं फिरल्यासारखी खसखस आली, हळूहळू, गोल. गोधडीचा एक काठ उचलला गेला आणि विद्याचं घामेजलेलं तोंड बाहेर आलं. "परत टाका," ती म्हणाली. अशा तिच्या बऱ्याच खेपा झाल्या. मला आधी हा सगळा पोरखेळ वाटत होता. वारा चांगला चालू होता, ऊन चढत होतं, आणि मी मनातल्या मनात चरफडत होते. नंतर मी चरफडणं सोडून दिलं. तिच्या केसांत एक पीस अडकलं होतं, ते तिने दुपारपर्यंत काढलं नाही.

शिडाखाली

होडी मुद्दाम उलटवायची असेल तर आधी करायच्या गोष्टी सांगते, कारण घाईत याच विसरतात. डोलकाठीच्या टोकाला एक रिकामा, बूच घट्ट लावलेला प्लॅस्टिकचा कॅन बांधा, म्हणजे होडी आडवी होते पण पालथी होत नाही. लाइफ जॅकेटचा मांडीखालचा पट्टाही लावा, नाहीतर पाण्यात जॅकेट तरंगतं आणि माणूस खाली राहतो. मोकळ्या दोऱ्या गुंडाळून ठेवा, पायात येतात. एक जण बाहेर, जवळ, दोरी घेऊन हवा. आमच्याकडे लक्ष्मणभाऊ होते, मासे धरायला वापरतात त्या हवा भरलेल्या टायरच्या ट्यूबवर बसलेले. आणि एक सुरी, उघडता येईल अशी, अंगावर. शीड फाडायची वेळ येऊ नये, पण आली तर शोधत बसायला वेळ नसतो.

विद्या होडीत चढली. मी तिच्याकडे पाहिलं नाही, मुद्दामच. काठापासून खोल पाण्यात आलो, दोघींनी एका बाजूला अंग टाकलं आणि होडी सुस्कारा टाकल्यासारखी आडवी झाली. पांढरं शीड पाण्यावर सपाट पसरलं. आम्ही दोघी पाण्यात. धरणाचं पाणी वर कोमट, पायाशी गार. विद्याने शिडाचा काठ धरला. ओठ पांढरे पडले होते.

"नको वाटत असेल तर राहू दे," मी म्हणाले. हे मला आधीच्या सगळ्या महिन्यांत एकदाही म्हणता आलं नव्हतं. "होडी विकू. मला चालेल. खरंच चालेल."

तिने माझ्याकडे पाहिलं, श्वास घेतला आणि काठाखाली गेली.

मग फक्त शीड उरलं. मधोमध कापड वर उचललं गेलं, छोट्या तंबूसारखं. तिचा हात. तो उंचवटा शिवणीवरून सरकू लागला. ठरल्याप्रमाणे, हळू, एकाच दिशेने. अर्ध्यावर तो थांबला.

थांबला तो थांबलाच. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. माझा हात सुरीवर कधी गेला मला कळलं नाही. पातं उघडून मी शिडाला लावलं होतं. मनात एकच होतं, मी हिला इथे आणलं, मीच आणलं.

"फाडू नका," लक्ष्मणभाऊंचा आवाज आला. ते ट्यूबवरून वाकून शिडाकडे बघत होते. "हात वर हाय. बोटां हालतात. ती थांबली हाय, अडकली नाय."

सुरी मी तशीच धरून ठेवली. त्या वेळेइतकी लांब वेळ मी दवाखान्यातसुद्धा काढलेली नाही. मग उंचवटा पुन्हा हलला, शिवणीवरून सरकत पार पलीकडच्या काठाला गेला, आणि विद्याचं डोकं पाण्याबाहेर आलं. केस तोंडावर, नाकातून पाणी. ती खोकली, होडीची कड धरली आणि माझ्याकडे बघून हसायला लागली.

"का थांबलीस?" मी म्हणाले. खरं तर किंचाळले. "जीव गेला माझा इथे."

"बघत होते गं," ती म्हणाली. "आत किती उजेड असतो. दुधासारखा, सगळीकडून. मागच्या वेळी मी डोळेच मिटून घेतले होते."

मला रडू आलं. पाण्यात रडण्याची एक सोय असते, कुणाला दिसत नाही, पण विद्याला दिसलं. तिने माझ्या हातातली सुरी काढून घेतली, मिटली आणि माझ्या जॅकेटच्या खिशात ठेवली. मग आम्ही होडी सरळ केली. मी नेहमीच्या सवयीने सुकाणूकडे सरकले, तर तिथे आधीच विद्या बसली होती.